ऋतू नसलेली खूण

कारंजा (घाडगे) हे संत्र्याचं गाव, आणि संत्र्याचा बागाईतदार म्हणजे खुणा वाचून जगणारा माणूस. आंबिया बहार धरायचा तर पावसाळा सरल्यावर पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानं मलूल झाली की ताण बसला असं समजायचं, मग पाणी सोडायचं आणि जानेवारी-फेब्रुवारीत फुलोऱ्याची वाट पाहायची. यातली प्रत्येक खूण कामाची आहे, कारण ती कधी दिसते आणि कधी दिसत नाही. याच गावाच्या मोबाइलवर गेल्या पाच-सहा वर्षांत निराळ्या खुणाही येऊन पोचू लागल्या. कोविड ही बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातली पीडा. युक्रेनवर चालून गेलेला रशिया हाच यहेज्केलच्या पुस्तकातला शत्रू गोग. प्रकटीकरणात म्हटल्याप्रमाणे फरात (युफ्रेटिस) नदी आटते आहे. २०२२ साली टेक्सासहून इस्राएलात पाच तांबड्या कालवडी उतरल्या, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पुन्हा उभारण्याची तयारी झाली. तेव्हा युगान्त दाराशी आला. वर्धा जिल्ह्यात ख्रिस्ती घरं मोजकी आहेत, पण असे निरोप धर्म विचारून येत नाहीत. एका बाजूला मराठी बायबल आणि दुसऱ्या बाजूला रोजचं वर्तमानपत्र ठेवून मी हे सगळं वाचत आलो आहे. जुळवाजुळव करणारे लोक अडाणी किंवा लबाड असतात असं मला वाटत नाही. पण ते ज्याला खूण म्हणतात त्यात खुणेचा मुख्य गुणच नाही, असं माझं मत होत गेलं. ते का, हे सांगतो.

सुरुवात मूळ वचनापासूनच करायला हवी. मत्तयच्या चोविसाव्या अध्यायात शिष्य येशूला विचारतात की युगाच्या समाप्तीचं चिन्ह काय. लढाया, दुष्काळ, भूकंप यांची यादी तिथे आहे, आणि मोबाइलवर फिरते ती हीच यादी. पण तिच्या आगेमागे जे सांगितलं आहे ते वगळलेलं असतं. हे ऐकून घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, ही तर वेदनांची सुरुवात, असं येशू तिथेच बजावतो; आणि पुढे तर तो दिवस, ती घटका कोणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, असं स्वच्छ सांगतो. याच अध्यायात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे: फांदी कोवळी होऊन पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे कळतं. बागाईतदाराला हा दाखला चटकन पटेल, कारण अंजिराची पालवी वर्षातून एकदा येते. हिवाळ्यात फांदी उघडी असते, म्हणून पालवीला अर्थ आहे. झाड बाराही महिने कोवळ्या पालवीनं भरलेलं राहिलं असतं, तर तिच्यावरून ऋतू सांगता आला असता का? लढाई, दुष्काळ, साथ आणि भूकंप यांची पालवी जगाच्या झाडावर कधीच झडलेली नाही. ज्या खुणेला ऋतू नाही, ती ऋतूची खूण होऊ शकत नाही.

पडताळा दूर शोधायला नको. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत पोळून निघाला. वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढे पहिलं महायुद्ध, १९१७ च्या नोव्हेंबरात पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंच्या मायभूमीला पाठिंबा देणारी बाल्फोरची घोषणा, डिसेंबरात जेरुसलेम इंग्रजांच्या हाती, आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. त्या साथीनं हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं नेली आणि मध्य प्रांताला तिचा तडाखा फार मोठा बसला. युद्ध, भूक, रोगराई आणि जेरुसलेम या चारही गोष्टी इतक्या जवळ येण्याची वेळ शोधायची तर १९१८ इतकं चोख साल सापडणं कठीण. तरीही १९१९ उजाडलं. अमेरिकेत विल्यम मिलर यानं दानीएलाच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांची वर्षं धरून जो हिशेब मांडला, त्यातून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख निघाली. ती सरली, आणि त्या भंगलेल्या आशेतूनच पुढे ॲडव्हेन्टिस्ट मंडळी उभी राहिली. पुण्याच्या औंधमधलं स्पायसर विद्यापीठ (पूर्वीचं महाविद्यालय) त्याच मंडळीचं. तारखा न काढण्याचा धडा तिनं एकदाच घेतला, हे तिच्या शहाणपणाचं लक्षण. हॅरल्ड कॅम्पिंग या अमेरिकी रेडिओ-प्रचारकानं मात्र २१ मे २०११ ही तारीख जगभर फलक लावून जाहीर केली, ती चुकल्यावर ऑक्टोबरातली दुसरी दिली, आणि तीही गेली. न्यूटननंसुद्धा असा हिशेब केला होता. २०६० च्या आधी शेवट नाही असं त्यानं लिहून ठेवलं, ते उतावळ्या भाकितकारांची तोंडं बंद व्हावीत म्हणून.

तारखांसारखीच नावंही बदलत आली आहेत. गोग म्हणजे चौथ्या शतकात गॉथ टोळ्या होत्या, सोळाव्या शतकात तुर्क, विसाव्यात सोव्हिएत रशिया. ख्रिस्तविरोधक म्हणून पोपकडे बोट दाखवलं गेलं, मग नेपोलियनकडे, मग हिटलरकडे. श्वापदाचा ६६६ हा आकडा तर कशालाही चिकटतो: बारकोड झाला, लस झाली, आणि आपल्याकडे मिझोराममधल्या काही ख्रिस्ती गटांनी त्याच भयापोटी आधार क्रमांक नाकारला. बहुतेक अभ्यासकांच्या मते या आकड्याचं मूळ उत्तर साधं आहे. हिब्रू अक्षरांना संख्यांचं मोल असतं, आणि रोमन सम्राट नेरोचं नाव ग्रीक वळणानं ‘नेरोन कैसर’ असं मांडलं की बेरीज ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ हा आकडा आहे, तोही त्याच नावाच्या लॅटिन उच्चाराशी जुळतो. प्रकटीकरण हे रोमच्या सत्तेखाली भरडल्या जाणाऱ्या आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना लिहिलेलं पुस्तक. त्यातली बाबेल म्हणजे रोम, हे त्या वाचकांना सांगावं लागत नव्हतं. ज्यांच्यासाठी ते लिहिलं त्यांना काहीच न कळता दोन हजार वर्षांनी आपल्याला फोनवर कळावं, असं मानणं हा त्या पहिल्या वाचकांचा अपमान आहे.

अशी खूण दोन्ही बाजूंनी वाचता येते, याचा सर्वांत बोलका दाखला वर्ध्याशीच जोडलेला आहे. नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधीजींचा हरिजन दौरा वर्ध्याहून सुरू झाला. १५ जानेवारी १९३४ ला बिहारात महाभूकंप झाला, आणि अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे असं गांधीजी म्हणाले. अस्पृश्यतेविरुद्ध झगडणाऱ्या रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. भौतिक आपत्तीला कारणंही भौतिकच असतात, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा अधिक धारदार होता: हाच युक्तिवाद सनातनी लोक उलटा फिरवतील आणि भूकंपाचा दोष गांधीजींच्याच चळवळीवर ठेवतील. कार्य कितीही न्याय्य असो, धरणीकंप त्याचा साक्षीदार होऊ शकत नाही, कारण तो विरुद्ध पक्षाकडूनही तितक्याच सहज साक्ष देतो. आज युद्धाची बातमी पाहून एक जण इस्राएलच्या बाजूनं देव उभा आहे असं वाचतो आणि दुसरा नेमकं उलटं वाचतो, तेव्हा रवींद्रनाथांचा तो मुद्दा मला आठवतो.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते टाळता येण्यासारखे नाहीत. पहिला असा की भूकंप पूर्वीही होत, पण आता वाढले आहेत. वाढली आहेत ती भूकंपमापक केंद्रं आणि बातम्यांचा वेग. सात किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचे भूकंप गेल्या शतकाच्या सरासरीनं वर्षाला पंधराच्या आसपास होत आले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा धक्का जगाच्या मानानं मध्यमच होता, सहाच्या थोडा वर. तरी सुमारे दहा हजार माणसं गेली, कारण मातीत रचलेल्या जड दगडी भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. शेवटाची खूण म्हणून किल्लारी वाचली तर हाती भय लागतं, भिंतींची गोष्ट म्हणून वाचली तर पुढचं घर कसं बांधायचं ते कळतं. फरातचंही तसंच. तिच्या वरच्या अंगाला तुर्कस्तानात प्रचंड धरणं झाली, खाली पावसानं ओढ दिली. वरच्या धरणातून पाणी सुटलं नाही की खालची नदी उघडी पडते, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे: १९४८ साली इस्राएल उभं राहिलं, असं इतिहासात कधी घडलं होतं का? नव्हतं, हे मान्यच. पण हॅल लिंडसी या अमेरिकी लेखकानं १९७० च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात या घटनेपासून चाळीसेक वर्षांची एक पिढी मोजली होती. तो हिशेब १९८८ ला संपला, तेव्हा पिढीच लांबवण्यात आली. शिवाय इंग्लंडमध्ये ज्यूंच्या परतीसाठी खटपट करणाऱ्यांत लॉर्ड शाफ्ट्सबरीसारखे बायबलमधली भाकितं मनोभावे मानणारे ख्रिस्ती होते. जे खरं ठरावं म्हणून माणसं शंभर वर्षं झटली, ते खरं ठरलं याला निव्वळ भाकीत कसं म्हणायचं? आणि त्या परतीत आपली माणसंही होती. कोकणातले बेने इस्राएल, शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे, हजारोंनी तिकडे गेले. तिथे मराठी टिकवली, ‘मायबोली’ नावाचं नियतकालिक चालवलं. पण साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या विवाहांच्या शुद्धतेवर तिथल्या धर्मपीठानं शंका घेतली, तेव्हा त्यांना आंदोलन करावं लागलं आणि १९६४ मध्ये बरोबरीचा दर्जा जाहीर करून घ्यावा लागला. युगान्ताच्या तक्त्यात ही माणसं केवळ यहेज्केलच्या दर्शनातली जिवंत झालेली हाडं असतात. त्यांचा झगडा त्या तक्त्यात कुठेच बसत नाही.

कुणी म्हणेल, हा सगळा रोख ख्रिस्ती लोकांवर कशाला? तसा तो नाहीच. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले तेव्हा देशभर यज्ञ झाले, जग बुडणार म्हणून लोक धास्तावले. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला दर अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि पाऊस, पीक, राजाची गादी, परचक्र यांचं भाकीत निघतं. कुठे कमी कुठे जास्त पाऊस, असं सांगितलं की ते कुठे ना कुठे खरं होतंच. माणसाला अनिश्चिततेपेक्षा वाईट बातमी परवडते, एवढाच त्याचा अर्थ.

तरी एक आक्षेप उरतो आणि तो मला अडवतो. ज्यांचं या जगात कोणी नाही त्यांना शेवटी न्याय होईल या आशेवर जगू द्या, ती का हिरावता? ही आशा मी हिरावू इच्छित नाही. प्रकटीकरण लिहिलंच गेलं ते तिच्यासाठी. माझी हरकत आशेला कॅलेंडर जोडण्याला आहे. पंडिता रमाबाईंकडे पाहावं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून अनाथ मुली घेऊन केडगावला आल्या. १९०५ मध्ये त्यांच्या मुक्ती सदनात जे आध्यात्मिक पुनरुज्जीवन झालं, त्याच्याभोवती ख्रिस्ताच्या पुनरागमनाची ओढ होतीच. पण त्या ओढीनं काम थांबलं नाही. तिथे विहिरी खणल्या गेल्या, माग चालले, छापखाना चालला, आणि मूळ भाषांवरून मराठी बायबलचं भाषांतर करण्यात रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं घातली. पहिल्या शतकात थेस्सलनीकातल्या काहींनी कामधंदा सोडला होता, तेव्हा पौलानं त्यांना काम न करणाऱ्यानं खाऊही नये असं खडसावलं. शेवट जवळ आला म्हणून हात बांधून बसणं त्या मंडळीतही चुकीचंच मानलं गेलं होतं.

आता शेवटचा प्रश्न: हवामान खरोखरच बिघडलं आहे, अवकाळी गारपीट बहार झोडपते, मग या वेळची खूण खरी नाही का? खरी आहे, आणि ती खरी असण्याचं कारण हेच की तिला मोजमाप आहे, कारण आहे, आणि त्या कारणात आपला हात आहे. तिला प्रकटीकरणाच्या खात्यात टाकलं की हा हात दिसेनासा होतो. वर्ध्यात याचं भान आधीच असलेला एक ख्रिस्ती होता. जे. सी. कुमारप्पा. बिहार भूकंपाच्या मदतनिधीचा हिशेब त्यांनी सांभाळला. ज्या भूकंपात पापाची खूण पाहिली गेली, त्याच भूकंपात त्यांनी पैशापैशाचा जमाखर्च पाहिला. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं काम त्यांनी मगनवाडीतून उभं केलं. महायुद्धाच्या काळात जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक येशूच्या शिकवणुकीवर आणि दुसरं ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’, म्हणजे टिकून राहण्याचं अर्थशास्त्र. दोन्ही १९४५ मध्ये, अणुबॉम्बच्या वर्षी, प्रसिद्ध झाली. ज्या वर्षी आकाशातून आग पडताना जगानं पाहिली, त्या वर्षी बायबल वाचणाऱ्या या माणसाचा प्रश्न माती, पाणी आणि जंगल किती काळ पुरवायचं हा होता.

जंबेरीच्या खुंटावर बांधलेलं संत्र्याचं कलम लावलं की पहिलं फळ यायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर काय होईल हे लावणाऱ्याला माहीत नसतं, आणि दिवस-घटका कोणालाच ठाऊक नाही हे त्याला मत्तय न वाचताही कळलेलं असतं. त्या अज्ञानाचा अर्थ तो खड्डा खणायचा नाही असा लावत नाही. बायबलमधल्या त्या वाक्याचा मला पटलेला अर्थही तोच आहे.