अदृश्य सेनापती

वीरांच्या दलाला नायक असावा कसा? मला विचाराल तर वेताळासारखा. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स निघाले अन् पुढे त्याचे मराठी अंक आमच्या भंडाऱ्यालाही येऊ लागले, तेव्हापासूनचे हे माझे मत. ली फॉकचा हा वेताळ जंगलातल्या गस्ती दलाचा सेनापती. पण शिपायांना त्याचा पत्ताच नसतो! कचेरीतल्या तिजोरीत हुकमाची चिठ्ठी सापडते अन् दल निघते. तिजोरीखालचे भुयार ठाऊक असते ते आम्हां वाचकांना. १९७६ मध्ये आलेला आबिद सुरतींचा बहादूर, स्वतः डाकूचा मुलगा असून डाकूंविरुद्ध नागरिकांचे दल उभारणारा, तोही मला आवडे. पण तो काय किंवा ढालवाला कॅप्टन अमेरिका काय, सर्वांच्या पुढे उभा दिसतो.

आमच्या घरचा कारभार गस्ती दलासारखा चाले. वडील गेल्यावर आई लोकांच्या बांध्यांत रोवणीला जाई. हुकूम ती कधी सोडत नसे. फीच्या दिवशी मात्र देवळीतल्या पितळी डब्यात पैसे नेमके सापडत, अन् आम्ही तिघे भाऊ ते मुठीत धरून शाळेकडे पळत असू. तिच्या हातातल्या पाटल्या कोणत्या वर्षी नाहीशा झाल्या, यावर आमचे अजून एकमत नाही.