जिन्यालगतची खोली

माझी आई फार मनमिळाऊ, असं अख्खी चाळ म्हणायची. नायगावच्या बीडीडी चाळीत आमची 160 चौरस फुटांची खोली जिन्याला लागूनच होती. 1920च्या दशकातल्या त्या इमारतींत मधोमध पॅसेज आणि दोन्ही अंगांना खोल्या. दार लावलं की खोलीत गुदमरायचं, म्हणून ते दिवसभर उघडं. वर जाणारा-येणारा प्रत्येक जण आमच्या दारावरूनच जायचा. "काकी, कोलंबी स्वस्त आहे हो आज!" "काकी, जरा चावी ठेवा, पोरगा येईल शाळेतून." तांदूळ निवडता निवडता आईला बसल्या जागी चाळीची खबर मिळे. कुणाकडे मुद्दाम जावंच लागत नसे.

मग डोंबिवलीत अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. स्वतःचा संडास मिळाल्याचं आईला केवढं सुख! पोट बिघडलंय आणि मध्यरात्री सामायिक संडासाकडे जायचंय, हे ज्यांनी कधी भोगलं नाही त्यांनी चाळीचे गोडवे खुशाल गावेत. पण इथे दार बंद, त्यावर सेफ्टी डोअर, भाजी फोनवरून. हळूहळू आईचं बोलणं कमी झालं, दुपारची झोप संध्याकाळपर्यंत लांबायला लागली. "उगाच कुणाची बेल कशाला वाजवायची?" म्हणायची. नातेवाइकांनी निदान केलं, वय झालं.

त्याच सुमारास एका जुन्या अमेरिकन अभ्यासाबद्दल वाचलं. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री जमते ते तपासलं होतं; 1950 साली त्याचं पुस्तक आलं. दारं जितकी जवळ तितकी मैत्री जास्त. आणि जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशी अधिक गट्टी! म्हणजे आईच्या मनमिळाऊपणात निम्मा वाटा त्या जिन्याचा होता.

मी सोसायटीच्या कमिटीकडे तळमजल्यावर लिफ्टसमोर एक बाक मागितला. "टोळकी बसतील," हे पहिलं उत्तर. बरीच हुज्जत झाल्यावर बाक आला. टोळकी काही आली नाहीत, आई मात्र रोज संध्याकाळी खाली जायला लागली. आता तिन्ही विंगांतली भांडणं मला तिच्याकडूनच कळतात.

तुमची इमारत पुनर्विकासाला जाणार असेल, तर कार्पेट एरियाची घासाघीस जरूर करा. पण नकाशात लिफ्टपाशी, जिन्यापाशी चार माणसं टेकतील एवढी जागा आहे का, तेही बघा. नसेल तर सही करण्याआधी मागून घ्या.