डॉक्टर व्हावयास गेलेला खेळाडू

आमच्या शाळेच्या मागील बाजूस, चिंचेच्या झाडापासून वीस पावलांवर, बास्केटबॉलचें मैदान आहे. तेथें मी चार वर्षें टोपलीखालीं उभा राहिलों. माझी उंची वर्गांत सर्वांहून अधिक असल्यामुळें वर्गशिक्षकांनीं मला शेवटच्या बांकावर बसविलें व क्रीडाशिक्षकांनीं टोपलीखालीं उभें केलें. दोन्ही ठिकाणीं माझी संमति कोणी विचारली नाहीं. चेंडू टोपलींत टाकण्याचें कौशल्य माझ्या हातांस कधींच साधलें नाहीं. प्रतिपक्षाच्या खेळाडूनें उडी घेऊन चेंडू फेकला कीं तो मध्येंच हातानें परतविणें, एवढेंच माझें काम. सामना संपल्यावर गुणपुस्तकांत, ज्यांनीं चेंडू टोपलींत टाकले त्यांचीं नांवें लिहिलीं जात. जे चेंडू टोपलींत पडलेच नाहींत ते कोणामुळें पडले नाहींत, यासाठीं त्या पुस्तकांत रकाना नव्हता.

हें मनास बोचत असतांनाच दिकेंबे मुटोंबो या आफ्रिकी खेळाडूची हकीकत माझ्या वाचनांत आली, आणि त्या रकान्याविषयींचें माझें दुःख बरेंच हलकें झालें. पुढें मात्र त्याच हकीकतीनें मला दुसऱ्या एका गोष्टीविषयीं अस्वस्थ केलें, व ती अस्वस्थता आमच्या घरापर्यंत येऊन पोहोंचली.

मुटोंबोचा जन्म १९६६ सालीं कांगो देशाच्या राजधानींत, म्हणजे आज जिला किन्शासा म्हणतात त्या शहरांत झाला. त्याचें शिक्षण तेथील बोबोटो या जेझुइट पाद्र्यांच्या विद्यालयांत झालें. (मिशन शाळेंत शिकलेल्या वाचकांस हा तपशील आवडेल म्हणून तो मुद्दाम देतों.) लहानपणीं तो फुटबॉल खेळे, आणि तेंही गोलरक्षक म्हणून. १९८७ सालीं अमेरिकन सरकारची शिष्यवृत्ति मिळवून तो वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन विद्यापीठांत दाखल झाला. हें विद्यापीठही जेझुइटांचेंच. परदेशीं जाण्याचा हेतु एकच होता : वैद्यकी शिकावी, डॉक्टर व्हावें आणि स्वदेशीं परत येऊन लोकांच्या उपयोगीं पडावें. इंग्रजी त्यास त्या वेळीं फारसें येत नव्हतें.

परंतु सात फूट दोन इंच उंचीचा मनुष्य कोणत्याही विद्यापीठांत फार काळ लपून राहूं शकत नाहीं. तेथील संघाचे नामांकित शिक्षक जॉन थॉम्पसन यांची दृष्टि त्याजवर गेली. पहिलें वर्ष तो संघाच्या सामन्यांत उतरला नाहीं. दुसऱ्या वर्षापासून खेळूं लागला, आणि वैद्यकीचा मार्ग हळूहळू बाजूस पडला. १९९१ सालीं त्यानें पदवी घेतली ती भाषाशास्त्र व परराष्ट्रव्यवहार या विषयांची. त्याच वर्षीं अमेरिकेच्या धंदेवाईक बास्केटबॉल संघटनेच्या, म्हणजे सर्व जगांत एन. बी. ए. या अक्षरांनीं प्रसिद्ध असलेल्या संघटनेच्या, वार्षिक निवडींत डेन्व्हरच्या संघानें त्यास चौथ्या क्रमांकानें उचललें.

ही हकीकत मी एके दिवशीं जेवतांना मोठ्या उत्साहानें आमच्या अप्पांस सांगितली. ते शांतपणें ऐकत होते. शेवटीं म्हणाले, "म्हणजे डॉक्टर व्हावयास गेला आणि चेंडू खेळत बसला. शिष्यवृत्ति देणारांस काय वाटलें असेल?" मी निरुत्तर झालों. त्यांचा रोख मुटोंबोवर नव्हता, हें आम्हां दोघांसही ठाऊक होतें. मी डॉक्टर व्हावें ही त्यांची फार दिवसांची इच्छा. त्यासाठीं त्यांनीं मला शास्त्रशाखेंत घातलें, आणि एका वर्षानंतर मीं ती सोडून भाषांच्या अभ्यासाकडे वळलों होतों. ते रागावले असते तर बरें झालें असतें. ते रागावले नाहींत. फक्त माझ्या अभ्यासाविषयीं विचारणें त्यांनीं बंद केलें.

खेळाडू म्हणून मुटोंबोची योग्यता सांगावयाची तर चेंडू अडविण्यापासूनच आरंभ केला पाहिजे. अठरा हंगामांत त्यानें प्रतिपक्षाच्या ३,२८९ फेकी हातानें परतविल्या. त्या संघटनेच्या नोंदींत याहून अधिक फेकी एकट्या हकीम ओलाजुवॉन याच्या नांवावर आहेत, आणि तोही आफ्रिकेंतलाच, नायजेरियाचा. मुटोंबोचे स्वतःचे गुण पाहिले तर सरासरीनें सामन्यास दहाही भरत नाहींत. तरी उत्कृष्ट बचावासाठीं असलेला वार्षिक बहुमान त्यास चार वेळां मिळाला. ज्या रकान्यासाठीं मी शाळेंत तळमळलों, तो रकाना तेथें होता, आणि तो भरून मनुष्य जगप्रसिद्ध होऊं शकत होता!

फेक परतविल्यावर तो आपली लांबलचक तर्जनी उभी करून प्रतिपक्षाच्या तोंडासमोर डावीउजवीकडे हालवी; जणूं आजोबा नातवास म्हणत आहेत, "नाहीं हो, येथें नाहीं." प्रेक्षकांस हें अतिशय आवडे, पंचांस आवडत नसे. त्यापायीं त्यास दंड झाले. मग त्यानें तोड काढली : बोट खेळाडूस न दाखवितां प्रेक्षकांकडे वळून दाखवावयाचें. मला स्वतःला ही चेष्टा प्रथम उर्मट वाटली होती. पुढें त्याचें तें रुंद हंसणें चित्रफितींत पाहिलें तेव्हां मत बदललें.

१९९४ सालचा सिअ‍ॅटलचा सामना तर मीं किती वेळां पाहिला असेन, सांगतां येत नाहीं. सिअ‍ॅटलच्या संघानें त्या हंगामांत ६३ सामने जिंकले होते, डेन्व्हरनें ४२. आठव्या क्रमांकाच्या संघानें पहिल्या क्रमांकाच्या संघास बाद फेरींत हरविल्याचें उदाहरण तोंवर त्या संघटनेच्या इतिहासांत नव्हतें. पांच सामन्यांपैकीं पहिले दोन डेन्व्हर हरलें. तेथून पुढें त्यांनीं लागोपाठ तीन जिंकले. शेवटचा परक्या मैदानावर, जादा वेळेंत, ९८ विरुद्ध ९४ गुणांनीं. त्या पांच सामन्यांत मुटोंबोनें ३१ फेकी परतविल्या. शेवटची घंटा झाली तेव्हां टोपलीवरून उसळलेला चेंडू त्याच्याच हातांत होता. तो चेंडू दोन्ही हातांनीं डोक्यावर धरून तो जमिनीवर उताणा पडला, आणि त्याच्या मुद्रेवर जो आनंद उमटला तो मुलाचा होता. हरणाऱ्या संघाकडे त्या क्षणीं त्याचें लक्षही नव्हतें.

त्यानंतर तो अटलांटा, फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क व ह्यूस्टन अशा संघांतून खेळला. त्या सर्वांची जंत्री येथें देत नाहीं. १९९६ सालीं अटलांटा शहरांत ऑलिंपिक सामने झाले तेव्हां त्याच्या देशाच्या स्त्रियांचा बास्केटबॉल संघ तेथें आला होता. त्या मुलींच्या गणवेशांचा व इतर गोष्टींचा खर्च त्यानें आपल्या पदरचा केला.

पुढील वर्षीं त्यानें स्वतःच्या नांवानें एक लोकोपयोगी संस्था काढली. त्या सुमारास किन्शासांत मोठी अशांतता होती. तशांत त्याची आई बियांबा मारी आजारी पडली. रस्ते बंद असल्यामुळें तिला रुग्णालयांत नेतां आलें नाहीं, आणि ती घरींच वारली. मुलगा त्या वेळीं अमेरिकेंत होता. जगांतील उत्तमोत्तम खेळाडूंचे चेंडू अडविणाऱ्या या मनुष्याच्या घरीं एक डॉक्टर पोहोंचूं शकला नाहीं. आणि तो स्वतः तर डॉक्टर होण्यासाठींच घरून निघाला होता. हें वाचल्यावर मीं तें पान मिटून ठेवलें. अप्पांस त्या दिवशीं कांहीं सांगितलें नाहीं.

मुटोंबोनें किन्शासाच्या मसिना भागांत रुग्णालय बांधण्याचें मनावर घेतलें. काम सोपें नव्हतें. २००१ सालीं पायाभरणी झाली, पण देणग्या येईनात. जमीन रिकामी राहिली म्हणून ती सरकारजमा होण्याची वेळ आली. तिच्यावर निर्वासितांनीं शेती सुरू केली होती, त्यांस मोबदला देऊन उठवावें लागलें. प्रत्यक्ष बांधकाम २००४ सालीं सुरू झालें. एकूण खर्च २ कोटि ९० लक्ष डॉलर, आणि त्यांपैकीं सुमारें दीड कोटि त्यानें एकट्यानें दिले. हे पैसे त्यानें टोपलीखालीं उभें राहून, एकेक चेंडू परतवून मिळविलेले होते. २००६ सालीं रुग्णालयाचें उद्घाटन झालें. नांव दिलें तें आईचें.

२००९ सालीं एका सामन्यांत त्याचा गुडघा दुखावला व त्यास उचलून मैदानाबाहेर न्यावें लागलें. तेव्हां त्याचें वय बेचाळीस होतें. २०१५ सालीं स्प्रिंगफील्ड येथील सन्मानमंदिरांत त्याची स्थापना झाली. याच गांवीं वाय. एम. सी. ए.च्या शाळेंत जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें १८९१ सालीं पीचच्या फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्यास ठोकून हा खेळ प्रथम सुरू केला होता.

३० सप्टेंबर २०२४ रोजीं मेंदूंतील गांठीच्या विकारानें मुटोंबो वारला. वय अठ्ठावन्न. दुसऱ्या दिवशीं ती बातमी मीं अप्पांस वाचून दाखविली. अलीकडे त्यांस बारीक अक्षर दिसत नाहीं, म्हणून वर्तमानपत्र मीच वाचतों. "कोण हा?" त्यांनीं विचारलें. मीं म्हटलें, "अप्पा, तुम्हांला सांगितलें होतें ना, डॉक्टर व्हावयास गेला तो." त्यांना आठवलें. मग रुग्णालयाची सर्व हकीकत मीं त्यांस प्रथमच सांगितली.

ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. नंतर त्यांनीं विचारलें, "खाटा किती?"

"तीनशें."

"आणि आईचें नांव काय म्हणालास?"

मीं तें पुन्हां सांगितलें. त्यांनीं तें हळूच एकदां उच्चारून पाहिलें, चष्मा पुसला, आणि कित्येक वर्षांनंतर प्रथमच मला विचारलें, "तुझें तें भाषांचें काम कोठवर आलें आहे?"