गिरिजेचे माहेर

नदी म्हणजे वाहते पाणी, ही शाळेत पाठ केलेली व्याख्या आम्हां फुलंब्रीकरांना पावसाळ्यापुरतीच उपयोगी पडते. आमच्या तालुक्यातून पूर्णेकडे जाणारी गिरिजा ही नावाने पर्वतकन्या; परंतु वैशाखात तिच्या पात्रात वाळू आणि गोटे एवढेच उरतात. बाई माहेरी गेली, असे म्हणून आम्ही विहिरीचे तळ पाहत बसतो. पुराणांतील गिरिजेचे माहेर हिमालय. ते एकदा डोळ्यांनी पाहावे ही आमची इच्छा, पन्नाशी उलटल्यावर का होईना, एका ज्येष्ठात फळास आली.

श्रीनगरहून सुमारे ८० किलोमीटरांवर सोनमर्ग आहे; उंची सुमारे ९,००० फूट. शेजारून वाहणारी सिंध ही वेदांतील सिंधू नव्हे; ती झेलमला मिळणारी तिची धाकटी नामभगिनी. तेथून थाजीवासच्या हिमनदीकडे घोड्यावरून जाऊन सायंकाळी परतता येते. आमचा वाटाड्या साठीचा घोडेवाला होता. त्याने आमच्या देहाकडे व आपल्या घोड्यांकडे आळीपाळीने पाहिले आणि काही न बोलता त्यांतला धिप्पाड घोडा पुढे केला. इतकी स्पष्ट आणि इतकी सभ्य टीका आमच्यावर दुसऱ्या कोणी केल्याचे स्मरत नाही.

झाडी विरळ झाल्यावर हिमाचा एक उतार लागला. तेथे भाड्याचे बूट, भाड्याचे कोट, लाकडी घसरगाड्या आणि छायाचित्रे यांची जत्रा भरली होती. पुष्कळ मंडळी हिमनदी पाहिल्याच्या समाधानात तेथूनच माघारी वळत होती. वाटाड्याने मात्र मान हलविली. “साहेब, हा यंदाचा बर्फ. चार उन्हे पडली की जाईल. जुना बर्फ तो वर,” असे म्हणून त्याने दोन कड्यांमधल्या मळकट, निळसर पट्ट्याकडे हातातील काठी रोखली.

जुना बर्फ! ग्रंथांनी पाने खर्चून सांगितलेला भेद या दोन शब्दांत आला. हिवाळ्यातील जे हिम उन्हाळ्यात वितळत नाही, त्यावर पुढल्या वर्षीचा थर बसतो. वर्षानुवर्षांच्या भाराने खालचे थर दाबले जातात, त्यांतील बरीच हवा निघून जाते आणि घट्ट बर्फ तयार होतो. प्रकाशातील तांबडा भाग तो अधिक शोषतो, म्हणून निळा भासतो. स्वतःच्याच वजनाने तो उतारावरून हळूहळू सरकतो, वाटेतील खडक दळतो, आणि त्या पिठाने खालचे पाणी दुधासारखे गढूळ होते.

या नदीचा हिशेब वाण्याच्या खतावणीसारखा असतो. हिवाळ्याची जमा, उन्हाळ्याचा खर्च. खर्च वाढला की हिमनदी मागे हटते. वाटाड्याचे वडील प्रवाशांना जेथे बर्फावर उतरवीत तो खडक त्याने दाखविला. त्याच्या पायथ्याशी आता घोडे चरत होते. एका माणसाच्या आठवणीवर शास्त्र उभारू नये, हे खरे. परंतु काठमांडू येथील आंतरराष्ट्रीय पर्वतविकास केंद्राचा २०२३ सालचा अहवालही तेच सांगतो: २०११ ते २०२० या दशकात हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्यांचा क्षय आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झाला.

खाली सिंध मात्र दुथडी भरून गर्जत होती. “अहो, एवढं पाणी असताना कमी पडायचं कसं?” आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न दुष्काळी गावच्या सुनेचा होता, आणि त्याचे उत्तरही आमच्या गावीच आहे. नवी बोअर पहिल्या वर्षी धो धो वाहते. मालक त्या भरवशावर मोसंबीची बाग लावतो. ते पाणी त्या वर्षीच्या पावसाचे नव्हते, खडकाने कित्येक वर्षे जपून ठेवलेले होते, हे बाग वाळू लागल्यावर कळते. वितळणारी हिमनदीही आरंभी नदीला अधिकच पाणी देते. मुद्दल मोडून खाणाऱ्याचा संसार काही काळ फार थाटाचा दिसतो; शेजारी त्याला श्रीमंत समजतात.

घरी परतल्यावर पाहुण्यांसमवेत वेरूळला जाणे झाले. तेथील कैलास लेण्यात गंगा, यमुना व सरस्वती या तीन नदीदेवतांचे मंदिर आहे. तिघींपैकी सरस्वती आज नावाने आणि मूर्तीने तेवढी उरली आहे. उरलेल्या दोघींचा जन्म अजून जुन्या बर्फातूनच होतो. पाहुणे मूर्तींच्या कोरीव कामाची वाखाणणी करीत होते. आम्ही त्या दोघींकडे, प्रकृती नाजूक झालेल्या आप्तांकडे पाहावे तसे, पाहत होतो.