मादाम द्युबारीची बदनामी कोणी घडवली?

‘मादाम द्युबारी’ या मूकपटावर एक आरोप कायमचा चिकटला आहे. फ्रेंच राज्यक्रांतीएवढी मोठी घटना या चित्रपटाने खासगी प्रेमप्रकरणात गुंडाळली, असं समीक्षक जीगफ्रीड क्राकाउअरने 1947 साली मांडलं आणि मूकपट शिकवणारे आम्ही बहुतेक जण तेच पुढे सांगत आलो. मला तो आरोप अर्धाच पटतो.

चित्रपट एर्न्स्ट लुबिचचा, 1919चा. 18 सप्टेंबरला बर्लिनमध्ये उफा-पालास्ट आम झू हे थिएटर सुरू झालं ते याच चित्रपटाने. कैसरने गादी सोडल्याला तेव्हा जेमतेम दहा महिने झाले होते. त्याच वर्षी जानेवारीत शहरात उठाव चिरडला गेला, क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्गची हत्या झाली. पडद्यावर राजाविरुद्ध उसळणारी गर्दी या प्रेक्षकांना पोथीतली वाटणं शक्यच नव्हतं.

चित्रपटाची नायिका झान ही पॅरिसमधल्या टोप्यांच्या दुकानात काम करणारी पोरगी. आर्मां या तरुणावर तिचा जीव आहे, पण स्पेनचा श्रीमंत राजदूतही मागे लागलाय. कोणाकडे जायचं, हे ती चोळीवरच्या फितींच्या गाठी मोजून ठरवते. पोला नेग्रीने हा प्रसंग इतक्या निरागस लोभीपणाने केलाय की झानचा राग येत नाही. तिने स्वतःच्या मर्जीने घेतलेला बहुधा हा शेवटचा निर्णय. पुढे द्युबारी नावाचा उमराव सरकारकडून पैसे उकळण्यासाठी तिला मंत्री श्वाझेलकडे पाठवतो. तिथे दाद लागत नाही, पण पंधराव्या लुईची नजर तिच्यावर पडते. राजाच्या मर्जीतल्या बाईला दरबारात मान हवा तर नावामागे घराणं लागतं, म्हणून द्युबारीच्या भावाशी तिचं नावापुरतं लग्न लावलं जातं. श्वाझेलला त्या जागी आपली बहीण हवी असते. मग झानच्या बदनामीची गाणी शहरभर पसरतात, आणि त्यांच्यामागे हात असतो तो मंत्र्याचाच.

क्राकाउअरच्या आरोपात हा भाग निसटतो, असं मला वाटतं. लोकक्षोभ म्हणून जो आवाज ऐकू येतो त्याची सुरुवात सत्तेच्या दालनात झालेली असू शकते, हे लुबिच एकाही भाषणाशिवाय दाखवतो. राजा झानची नखं साफ करत बसतो, तो प्रसंगही असाच आहे. एमिल यानिंग्जचा लुई त्या कामात पोरासारखा रमलेला असतो. राज्य कुठे अडकून पडलंय हे सांगायला वेगळी पाटी लागत नाही.

इतिहासाची ओढाताण मी माफ करतो. खरा श्वाझेल 1770मध्येच पदच्युत झाला. लुई 1774मध्ये देवीच्या रोगाने गेला, बास्तीय पडलं 1789मध्ये, आणि मादाम द्युबारीचा शिरच्छेद झाला 8 डिसेंबर 1793ला. चित्रपटात हे सगळं एका दमात घडतं. पण आर्मांचं क्रांतिकारक होणं मला खटकतं. आपली प्रेयसी राजाची रखेल आहे हे कळल्यावर तो पेटतो. भूक आणि अन्याय पाइये या चांभाराच्या घरापुरतेच उरतात. इथे मात्र क्राकाउअर बरोबर आहे. मॅक्स राइनहार्टच्या नाटकमंडळीत घडलेला लुबिच गर्दी अप्रतिम हलवतो, पण ती गर्दी कशासाठी आली आहे हे त्याला फारसं सांगायचं नसतं.

1920च्या डिसेंबरात हा चित्रपट ‘पॅशन’ या नावाने न्यूयॉर्कला लागला. महायुद्धाची कटुता ताजी होती, म्हणून तो जर्मन असल्याचं जाहिरातीत झाकलं गेलं. तरी तो तुफान चालला. दोन वर्षांत नेग्री आणि लुबिच दोघंही हॉलिवूडला पोहोचले.

ज्यांना हा चित्रपट पाहायचाय त्यांनी शेवटचा वधस्तंभाचा प्रसंग नीट पाहावा. तिथे नेग्री झानला शूर करत नाही. ती घाबरते, गयावया करते, जगायला धडपडते. द्युबारी, श्वाझेल, आर्मां या सगळ्यांनी तिला कशा ना कशासाठी वापरलं होतं. इथे ती फक्त स्वतःसाठी काही मागते, आणि जमावाला ते नको असतं.