शेंदेलोण आणि गुरुत्वाकर्षण

उपवासाला साधे मीठ न वापरता शेंदेलोण घ्यावयाचे, हा आचार पुण्याच्या पेठांत वाढलेल्या माझ्यासारख्याच्या इतका अंगवळणी पडलेला असतो, की त्याचे दुसरे नाव सैंधव, म्हणजे सिंधुदेशीचे, याकडे लक्षच जात नाही. या मिठाची प्रख्यात खाण खेवडा येथे, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबात आहे. एका देशातून दुसऱ्या देशात माल किती यावा आणि प्रत्यक्षात किती येतो, हे ताडून पाहणारे एक सूत्र अर्थशास्त्रात आहे. त्याचे मला फार दिवस कुतूहल वाटत आले आहे.

यान टिंबर्गेन या डच पंडिताने 1962 साली ते मांडले. दोन देशांचे उत्पन्न जितके मोठे तितका त्यांचा व्यापार अधिक; अंतर जितके मोठे तितका तो कमी. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाचीच ही सावली! या हिशेबाने अपेक्षित व्यापार काढावयाचा आणि उरलेल्या तफावतीत भाषा, सीमा, करार यांचा वाटा शोधावयाचा.

येथे एक गोम आहे. ज्यांचे सूत आधीच जमलेले असते तेच बहुधा करार करतात. मग व्यापार वाढला तो कराराने, की मूळच्याच जिव्हाळ्याने? संसार सुखाचा झाला याचे श्रेय मुहूर्ताला देण्यासारखेच हे! बेयर व बर्गस्ट्रँड यांनी 2007 साली त्याच दोन देशांचा करारापूर्वीचा व नंतरचा व्यापार ताडून पाहिला. दहा वर्षांत तो सरासरीने जवळजवळ दुप्पट होतो, असे त्यांना आढळले.

परंतु सरासरी म्हणजे नियम नव्हे. 1936 पर्यंत कराची व पुणे एकाच मुंबई इलाख्यात होती. जागतिक बँकेच्या 2018 च्या अहवालाप्रमाणे भारत-पाकिस्तान व्यापार 37 अब्ज डॉलरांपर्यंत जाऊ शकला असता. प्रत्यक्षात तो सुमारे 2 अब्जच होता. दक्षिण आशियाचा मुक्त व्यापार करार तर 2006 पासून अमलात होता! पुढे पुलवामाच्या हल्ल्यानंतर, 2019 च्या फेब्रुवारीत, भारताने पाकिस्तानी मालावर 200 टक्के जकात बसविली. पहलगामच्या हत्याकांडानंतर, 2025 च्या मे महिन्यात, आयातच बंद केली.

करार वाटेवरचा अडसर काढतो. चालावयाचे की नाही, हे वाटसरूंचे मन ठरविते. तरीही त्या सूत्राला मी हिणविणार नाही. घडले त्याचा हिशेब सारेच ठेवतात. घडू शकले असते पण घडले नाही, त्याचा आकडा मांडणारे शास्त्र विरळाच. त्या आकड्यापुढे निर्णय वाकवावा असे मी म्हणत नाही, कारण सांडलेल्या रक्ताचे मोल डॉलरांत होत नाही. मात्र आपल्या निर्णयाची किंमत किती, हे राष्ट्राला ठाऊक असावे.