इंग्रजी शब्दांची भावकी

वाचकहो, इंग्रजी म्हटले की आपल्या घरांतून अजून एक धास्ती असते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासूनच शिकवू लागले. पण घोकंपट्टी मात्र तीच राहिली. ‘रोज दहा शब्द पाठ कर’ असे सांगून आपण मोकळे होतो. पोर रात्री पाठ करते, सकाळी शाळेत म्हणून दाखवते, आणि आठवड्याने पाटी कोरी ती कोरीच!

माझा पुतण्या असाच वही घेऊन बसायचा. एकदा वैतागून म्हणाला, “नाना, हे काही माझ्या डोक्यात राहत नाही.” मी म्हटले, “अरे, सुटे मणी ओंजळीतून घरंगळणारच. दोऱ्यात ओवले तर माळ होते.” तो दोरा कोणता, तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

तुम्ही शाळेत संस्कृतातला ‘हार’ शिकला असाल. त्याच्या पुढे एकेक उपसर्ग लावला की आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार असे निरनिराळे शब्द होतात. इंग्रजीतही अगदी तसेच आहे. शब्दाच्या सुरुवातीची दोन-चार अक्षरे ओळखली की निम्मा अर्थ हाती येतो.

आणि गंमत अशी की, ही अक्षरे आपल्या शिवारात आधीच येऊन बसली आहेत. विहिरीतला ‘सबमर्सिबल’ पंप घ्या. ‘सब’ म्हणजे खाली किंवा दुय्यम. पाण्याखाली बुडून चालतो तो सबमर्सिबल. आता विजेचे ‘सबस्टेशन’ म्हणजे उपकेंद्र, ‘सबडिव्हिजन’ म्हणजे उपविभाग, ‘सबइन्स्पेक्टर’ म्हणजे उपनिरीक्षक. आपला ‘उप’ तोच त्यांचा ‘सब’.

‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, एकीकडून दुसरीकडे. मास्तरांची ‘ट्रान्सफर’ म्हणजे बदली, मालाची ‘ट्रान्सपोर्ट’ म्हणजे वाहतूक. भाताची रोपे तरव्यातून काढून खाचरात लावतात, त्याला इंग्रजीत ‘ट्रान्सप्लांट’ म्हणतात. एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात बसवतात, त्यालाही तोच शब्द! लावणी ज्याने केली, त्याला हा शब्द कुणी समजावून सांगायला नको.

‘री’ म्हणजे पुन्हा. फोनचा ‘रीचार्ज’ आपण करतो, आणि पावसाचे पाणी गाळून विहिरीत सोडतो, तो विहिरीचा ‘रीचार्ज’. ‘हायड्रो’ म्हणजे पाणी. कोयनेची वीज ‘हायड्रोइलेक्ट्रिक’. ‘थर्म’ म्हणजे उष्णता. थर्मामीटर, थर्मास आणि कोराडीचे थर्मल वीजकेंद्र हे तिघे सख्खे भाऊ.

हे केवळ परीक्षेपुरते नाही. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याने सोयाबीनसाठी तणनाशकाचा डबा आणला. पीक चार पानांवर आले होते, तणही वर आले होते. डब्यावर मराठी मजकूर होता, पण अक्षर मुंगीएवढे. त्यांची नववीतली मुलगी पंपाशी उभी होती. तिने मोठ्या अक्षरांतला इंग्रजी शब्द वाचला, ‘प्री-इमर्जन्स’. ‘इमर्जन्स’ तिला येत नव्हते, पण ‘प्री’ ठाऊक होते, कारण शिष्यवृत्तीच्या अर्जावर ‘प्री-मॅट्रिक’ म्हणजे दहावीपर्यंतची आणि ‘पोस्ट-मॅट्रिक’ म्हणजे दहावीनंतरची, हे तिने वाचले होते. ती म्हणाली, “अप्पा, हे कशाच्या तरी आधी मारायचे आहे. विचारून घ्या ना.” अप्पांनी हात आखडता घेतला आणि जाऊन चौकशी केली. ते औषध पेरणीनंतर, पण उगवण होण्याआधी जमिनीवर फवारायचे निघाले. उगवलेल्या तणासाठी ‘पोस्ट-इमर्जन्स’ औषध लागते. तीन अक्षरी शिक्षण म्हणा, पण त्याने औषधाचे पैसे आणि दिवसभराची मजुरी वाचवली.

त्याच डब्यावर आणखी एक शब्द असतो, ‘अँटिडोट’. ‘अँटी’ म्हणजे विरुद्ध. अँटिसेप्टिक, अँटिबायोटिक ही त्याचीच भावंडे. अँटिडोट म्हणजे विषावरचा उतारा. फवारताना कुणाला विषबाधा झाली तर रोग्याबरोबर डबाही दवाखान्यात न्यावा, तो याचसाठी. डॉक्टरांना औषधाचे नाव आणि उतारा तिथेच वाचायला मिळतो.

मात्र एक सावधगिरी बाळगा. पाटील आडनाव गावोगाव असते, म्हणून सगळे पाटील काही एका भावकीचे नसतात. तसेच शब्दांचे. ‘पोस्टमार्टम’मधला ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, पण ‘पोस्टमन’मधल्या ‘पोस्ट’चा त्याच्याशी काही संबंध नाही. ‘इन’चे तर फारच जपावे. बँकेतले ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ खाते म्हणजे चालू नसलेले. तिथे ‘इन’ म्हणजे नाही. पण टँकरवर लिहिलेले ‘इन्फ्लेमेबल’ वाचून ‘पेट न घेणारे’ असा अर्थ कुणी काढला, तर जिवावर बेतेल! त्याचा अर्थ झटकन पेट घेणारे असाच आहे. म्हणून सुरुवातीच्या अक्षरांवरून अंदाज बांधावा, पण खात्री शब्दकोशात पाहून किंवा जाणत्याला विचारून करावी. औषधाच्या बाबतीत तर माहितीपत्रक वाचल्याशिवाय आणि कृषी खात्याच्या माणसाला विचारल्याशिवाय झाकण उघडूच नये.

आता करायचे काय, ते सांगतो. मुलाला एक साधी वही द्या. एका पानावर एकच भावकी. वर ‘सब’ लिहा आणि खाली त्याचे भाऊबंद. बियाण्याची पिशवी, खताचे पोते, विजेचे बिल, बसची पाटी, जिथे नवा शब्द दिसेल तिथून तो उचलून आपापल्या पानावर नेऊन ठेवायचा. आठवड्याला एक भावकी झाली, तरी वर्षाकाठी पन्नास होतात, आणि एकेकीत चार-पाच शब्द धरले तर दोनशेंच्या वर शब्द घोकल्यावाचून घरात येतात.

आणि मायबाप हो, ही वही मुलांनी एकट्याने भरू नये. रात्री जेवणे झाली की आईने विचारावे, “आज कोण नवा पाहुणा आला?” तिला इंग्रजी वाचता येत नसले तरी चालेल. पंप, लावणी, पुनर्भरण या गोष्टी तिला पोरापेक्षा अधिक ठाऊक आहेत. शब्द पोराने आणावा, अर्थ तिने सांगावा. मग इंग्रजी शाळेतच राहणार नाही, आपल्या ओसरीवर येऊन बसेल.